चुरा नव्हे, नवसू

मुक्काम इंदुरी, तालुका मावळ
१४ डिसेंबर

प्रिय नवसू,

सप्रेम जय भीम. हे पत्र तुझी सून हर्षदा तुला वाचून दाखवील, असे मी गृहीत धरले आहे. सूनबाई, तुला विनंती आहे की, वाचताना एकही ओळ गाळू नकोस, आणि सासऱ्याने हात झटकला तरी थांबू नकोस. त्याला मी उभ्या आयुष्यभर ओळखतो. तो हात झटकतो तेव्हा त्याचे कान उघडे असतात. नवसू, फोनवर तू मला एक वाक्य पुरे करू देत नाहीस. एक तर तुमच्या वाडीवर रेंज कमी, त्यात तुझा स्वभाव. म्हणून हा कागद हाती घेतला आहे. कागद मध्येच ठेवून देता येत नाही. निदान हर्षदा तो ठेवणार नाही, असा माझा भरवसा आहे.

बातमी मोठी आहे, आणि ती सांगण्यासाठी मी सकाळपासून उतावीळ झालो आहे. माझ्या वयाला उतावळेपणा शोभत नाही, हे मी जाणतो. माझी सून रुपाली मघाशी म्हणालीही, "आबा, चहा तरी बसून प्या, अंगावर सांडेल." तथापि आज मला एका जागी बसवत नाही. माझे मागणे प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे मी गोड बोलून तुला कोठेतरी नेत आहे असे तुला वाटणार नाही. तू सोडून दिलेली ती हृदयाची गोळी तू पुन्हा सुरू करावीस, एवढेच माझे मागणे आहे. आता ऐक. मी सर्व क्रमाने सांगणार आहे. क्रम सोडला तर तू त्याचा अर्थ तुझ्या पद्धतीने लावशील, आणि पुन्हा एकदा माझ्या दारात तांदळाचे पोते येऊन पडेल.

दोन वर्षांपूर्वी मला जिना चढताना धाप लागू लागली, आणि तळेगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की, हृदयाचा पंप अशक्त झाला आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू कामशेतच्या बाजारात भेटलास, तर तुझे पाय माझ्याहून जाड. तू म्हणालास, "चिखलात उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन फुगल्यात, दुसरं काय न्हाई." तुझी कारभारीण बाया भाजीची पाटी उतरवत होती, ती तिथूनच कडाडली, "चिखुल गुडघ्यापातुर असतोय. सूज मांडीपातुर कशी चढली, ती सांगा की भाऊंना!" तुला मी बाजारातूनच ओढत डॉक्टरांकडे नेले होते. पाटी तुमच्या वाडीकडे जीप चालवणाऱ्या विक्कीच्या गाडीत आणि आपण तिघे मागे. डॉक्टरांनी तुलाही तोच आजार सांगितला आणि आपल्या दोघांच्या कागदावर एकाच नावाची नवी गोळी लिहिली. बाकीच्या गोळ्या साध्या होत्या. ही एकच महाग होती. ती तेव्हा एकाच कंपनीची येत असे, आणि तिची किंमत ऐकून तू डॉक्टरांना विचारले होतेस, "सायेब, ह्यात सोनं घातलंय का?" डॉक्टरही हसले होते.

माझा सुहास कंपनीत कायम आहे, म्हणून मला ती गोळी मिळत राहिली. तू पहिल्या पाकिटासाठी एक शेळी विकलीस, पुढे दुसरी विकलीस. मग तू गोळी एक दिवसाआड घेऊ लागलास, आणि अखेर बंद केलीस. हे मला तू सांगितले नाहीस. हर्षदाने विक्कीला सांगितले आणि विक्कीने मला. तेव्हा मी सुहासला एक पाकीट जास्त आणायला सांगितले आणि ते विक्कीच्या हाती वर पाठवले. मी त्यासोबत चिठ्ठी दिली नव्हती, काही बोललोही नव्हतो. मित्राला द्यायचे ते मुकाट्याने द्यावे, असे मला वाटले. गेल्या वर्षी भात झोडून झाल्यावर तुझ्याकडून नेहमीप्रमाणे इंद्रायणीचा नवा तांदूळ आला. रुपाली तो सुपात घेऊन निवडत बसली होती, आणि सुपात तांदळाबरोबर माझे पाकीट निघाले. एकही गोळी काढलेली नव्हती. रुपाली म्हणाली, "आबा, तांदळात खडे तर सगळेच पाठवतात, तुमच्या दोस्ताचा हा खडा नवीनच आहे." मी हसलो नाही. तो तांदूळ मी कित्येक दिवस खाल्ला नाही. मग खाल्ला. तुझ्या खाचरातला तांदूळ होता, तो टाकणे मला जमले नाही. पण त्या दिवसापासून आपले धड बोलणे थांबले, आणि इतक्या वर्षांत असे प्रथमच घडले.

आता शिमग्याकडे येतो. शिमग्याच्या सुमारास मी माझी गोळी आणायला तळेगावच्या औषधांच्या दुकानात गेलो. तेथे अनघा नावाची मुलगी बसते. औषधांचे शिक्षण घेतलेली, बोलण्यात चटपटीत. मला पाहताच ती खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "आजोबा, पेढे द्या! तुमच्या गोळीचं पेटंट संपलं." मला प्रथम वाटले, गोळीच संपली. मी विचारले, "मग आता मी काय घ्यावे?" ती पोट धरून हसली. मग तिने मला स्टुलावर बसवले आणि समजावून सांगितले. ते मी तुला माझ्या शब्दांत सांगतो, कारण हे समजले नाही तर पुढचे सर्व व्यर्थ आहे.

एखादी कंपनी नवे औषध शोधते, तेव्हा सरकार तिला वीस वर्षांचा हक्क देते. त्या मुदतीत ते औषध तिच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणी बनवायचे नाही. त्यालाच पेटंट म्हणतात. शोधायला तिचा पैसा गेला, म्हणून ही सवलत. मुदत संपली की तो हक्क संपतो. मग ज्याच्याकडे योग्य कारखाना आहे आणि सरकारी परवाना आहे, त्याने ते औषध बनवावे आणि विकावे. औषध तेच, मात्राही तीच. वरचे नाव वेगळे, रंग वेगळा, कधी आकारही वेगळा. एका गोळीमागे पुष्कळ कंपन्या धावल्या की किंमत कोसळते. अनघाने मला एकाच गोळीची निरनिराळ्या नावांची पाकिटे काउंटरवर मांडून दाखवली. नवसू, मला खरोखर असे वाटले की, एखाद्या बंद दरवाजाची कडी माझ्यासमोर कोणी काढली. पूर्वी जेवढ्यात एक पाकीट येई, तेवढ्यात आता पाकिटांची चवड येत होती. मला प्रथम तू आठवलास. मी माझी गोळी तशीच काउंटरवर विसरून बाहेर आलो, आणि अनघाला माझ्या मागे रस्त्यापर्यंत धावावे लागले.

त्याच दिवशी मी विक्कीच्या हाती निरोप धाडला की, गोळी स्वस्त झाली आहे, आता ती तुझ्या स्वतःच्या पैशांत बसते, कोणाचे उपकार नकोत, फक्त डॉक्टरांना एकदा भेट. मला वाटले होते, तू दुसऱ्या दिवशी खाली उतरशील. त्याऐवजी तुझे उत्तर आले. विक्की ते सांगायला तयार नव्हता. मी त्याला दरडावले तेव्हा त्याने ते तुझ्या आवाजात सांगितले. "धोंड्याला म्हणावं, आमी चिक्कीच्या भट्टीवर जल्म काढला. सस्त्या पुड्यात काय भरत्यात, त्ये आमाला शिकवू नगं. सोनेरी डब्यातला माल तू खा. चुरा आमाला नगं."

हे उत्तर ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. सूनबाई, तू लहान आहेस, तुला हे ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. तुझा सासरा आणि मी लोणावळ्यात एकाच चिक्कीच्या कारखान्यात तरुणपणापासून होतो. तो भट्टीवर. गुळाचा पाक कधी उतरवायचा, हे तो वासावर ओळखी. मालक स्वतः त्याला विचारल्याशिवाय कढई हलवू देत नसे. मी चौथी पास. मला वाचता येई, म्हणून मला डबे भरण्याच्या आणि नावाचे कागद चिकटवण्याच्या कामावर घेतले. आमच्या मालकाचा माल दोन प्रकारचा होता. एक सोनेरी डबा, तो दुकानात ठेवायचा. दुसरा साधा पुडा, तो हमरस्त्यावर थांबणाऱ्या बसच्या खिडक्यांतून विकायचा. हंगाम संपत आला की मालक टेबलाखाली पडलेला चुरा गोळा करायला लावी, त्यात हलका गूळ घालून पुन्हा थापायला लावी, आणि ते साध्या पुड्यात जाई. ते थापण्याचे काम नवसूच्या वाट्याला येई. तो दिवसभर कोणाशी बोलत नसे. संध्याकाळी हात घासून घासून धूत असे. एकदा त्याने मला म्हटले होते, "धोंड्या, गरिबानं खाऊ घ्यावा आन् त्यात आपून झाडलेलं घालावं, ह्ये बरं न्हाई." नवसू, तू हे बोललास तेव्हा मी तुझ्याशेजारी बसून बिडी ओढत होतो. मला ते शब्द अजून आठवतात. म्हणून तुझ्या उत्तराचा मला राग आला नाही. ज्याने स्वतःच्या हातांनी चुरा थापला, त्याला स्वस्त पाकिटाचा संशय येणारच.

परंतु माझेही ऐक. तू भट्टीजवळ होतास, मी डब्यांजवळ होतो. हंगाम संपतानाचे ते काही दिवस सोडले, तर बाकीचे सारे वर्ष मी काय पाहत होतो? तुझ्याच कढईतून निघालेली, एकाच लाटण्याखाली लाटलेली, एकाच सुरीने कापलेली चिक्की मी उजव्या हाताने सोनेरी डब्यात भरत होतो आणि डाव्या हाताने साध्या पुड्यात. वजन तेच. शेंगदाणा तोच. पुण्या-मुंबईची मंडळी सोनेरी डब्याला जास्त पैसे देत आणि म्हणत, "याची चवच वेगळी." मी तोंड मिटून कागद चिकटवत असे. तेव्हा स्वस्त पुड्यात नेहमी चुरा असतो हे खरे नाही, आणि कधीच नसतो हेही खरे नाही. खरे काय, ते पुडा फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी अनघाला हेच विचारले. मी म्हणालो, "मुली, या स्वस्त गोळीत चुरा नाही हे कशावरून?" तिला चुरा कळला नाही. मी तिला कारखान्याची सगळी हकिकत सांगितली. ती ऐकताना तिचे हसणे थांबले. मग ती म्हणाली, "आजोबा, प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच सरकारी तपासणी असते, पाकिटावर परवाना असतो. आणि कुठल्या कंपनीची घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. रस्त्यावरून कुणाकडूनही घेऊ नका. माझ्याकडूनसुद्धा बिलाशिवाय घेऊ नका."

घरी येऊन मी पुष्कळ विचार केला. मला आमच्या मूळ गावची विहीर आठवली. आमचे लोक तिच्या काठाला शिवू शकत नव्हते. माझी आई ओंजळ पसरून लांब उभी राहायची. पुढे ती विहीर सर्वांना खुली झाली आणि आईने स्वतःच्या हाताने पहिला पोहरा ओढला. गावातले काही लोक तेव्हा म्हणाले, "आता ह्या पाण्याला काय अर्थ उरला?" नवसू, मी तेव्हा लहान होतो, पण ते पाणी मी प्यायलो आहे. सर्वांनी ओढले म्हणून ते पाणी पातळ झाले नव्हते. गोळीचेही तसेच असावे, असे माझ्या मनाने घेतले. परंतु माझ्या मनाने घेतले म्हणून तू ते मानावेस, असे थोडेच आहे? मी सोनेरी डब्यातले खात राहायचे आणि तुला साधा पुडा चांगला असल्याचे पटवायचे, हे मालकाचे काम झाले. मित्राचे नव्हे.

म्हणून मी माझी गोळी बदलायचे ठरवले. यावरून घरात जे झाले, ते ऐकून तू नक्की हसशील. सुहास फार दुखावला. तो म्हणाला, "आबा, मी कमावता असताना तुम्ही स्वस्तातली गोळी खायची? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "लोकांना माझ्या पोटातल्या गोळीचा रंग दिसत नाही." तो म्हणाला, "आपल्याला परवडतंय ना? मग कशाला हा हट्ट?" त्याचेही खोटे नव्हते. त्याने माझ्यासाठी महाग गोळी आणली, यात त्याला मान होता, आणि तो मान मी काढून घेत होतो. दोन-तीन दिवस बापलेक एकमेकांकडे पाठ करून जेवलो. अखेर रुपालीने जेवताना भाकरी वाढता वाढता म्हटले, "आबांना नवसूकाकांसाठी ती गोळी खाऊन बघायची आहे. एवढं सरळ आहे, ते तुम्ही सरळ सांगत नाही, आणि हे सरळ विचारत नाहीत." मी मान खाली घातली. सुहासने भाकरी घेतली. मग म्हणाला, "मग मी डॉक्टरांकडे येतो. त्यांनी हो म्हटलं तरच." आम्ही तिघे गेलो. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटे हातात घेऊन पाहिली, एका कंपनीचे नाव कागदावर लिहून दिले आणि म्हणाले, "बदला. पण लक्ष ठेवू. पाय सुजले, धाप वाढली, वजन वाढलं, तर लगेच यायचं."

वैशाखापासून मी ती स्वस्त गोळी घेत आहे. कोणाच्या तोंडून ते तुझ्या कानावर जाऊ नये, अशी मी सर्वांना ताकीद दिली होती. विक्कीलाही. त्याने ती पाळली, याचे मला आश्चर्य वाटते. प्रथम मला भीती वाटली, हे मान्य केले पाहिजे. गोळी पांढरी आणि गोल, पूर्वीची गुलाबी आणि लांबट. सकाळी ती तळहातावर घेतली की मला साधा पुडा दिसे. मी रोज उठल्याबरोबर पायांवर अंगठा दाबून पाहत असे, खळगा पडतो की काय. पडत नव्हता. श्रावणात मी इंदुरीच्या किल्ल्यापर्यंत चालत जाऊ लागलो, पुढे नदीपर्यंत. दिवाळीत रुपाली म्हणाली, "आबा, आता तुम्ही घरात कमी आणि रस्त्यात जास्त सापडता." तरीही मी तुला काही कळवले नाही. मला बरे वाटते, एवढ्याने भागणार नव्हते. बरे वाटणे हा मनाचाही खेळ असतो, आणि तू तेच म्हणाला असतास.

काल डॉक्टरांनी पुन्हा यंत्राने माझ्या हृदयाचे चित्र घेतले. गोळी बदलण्यापूर्वीचे चित्र त्यांनी शेजारी ठेवले. मी, सुहास आणि रुपाली तिघेही त्या दोन चित्रांकडे पाहत बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, पंपाचं बळ उतरलं तर नाहीच. थोडं सुधारलं आहे. ही गोळी तुम्हाला तितकंच काम देते आहे." नवसू, आता कळले ना, मला चहा बसून का पिता येईना? चुरा नव्हे, नवसू! तीच कढई आहे. मी स्वतः खाऊन पाहिले आहे. सोनेरी डबा मी वैशाखातच बंद केला, आणि मी जिवंत आहे, चालता आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त भांडता आहे. सुहासने येताना स्वतः होऊन अनघाच्या दुकानापुढे गाडी थांबवली आणि तिला खरोखरच पेढे दिले.

आता तुझ्याविषयी. तुझे हल्लीचे वर्तमान मला हर्षदाकडून कळते, तिच्यावर रागावू नकोस. तू ओट्यावरून चुलीपर्यंत जाताना भिंत धरतोस. तू आडवा झोपू शकत नाहीस, बसून झोपतोस. यंदा तू खाचरात उतरला नाहीस, बांधावर बसून सगळ्यांना शिव्या दिल्यास. बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खाली दवाखान्यात न्यायचे म्हटले की तू म्हणतोस, "झोळीतनं खाली गेलेला मानूस परत वर येत न्हाई." तुमच्या वाडीत असे पुष्कळ वेळा घडले आहे, हे मलाही माहीत आहे. म्हणून झोळीचा विषय मी काढणार नाही. फक्त एक गोष्ट स्पष्ट करतो. गोळी मी तुला पाठवणार नाही. डॉक्टरांनी तुला नव्याने तपासले पाहिजे, मात्रा तेच ठरवतील. तसे त्यांनी मला बजावले आहे, आणि ते योग्य आहे. गुरुवारी सकाळी तळेगावला आपल्या दोघांचा नंबर लावला आहे. पैसे तुझे तू द्यावेस. तुझ्या कमाईत आता ती गोळी बसते, आणि म्हणूनच मी हे मोकळेपणाने लिहू शकतो. इतके दिवस मी तुला काहीही द्यायला निघालो तरी त्याचा उपकार होत होता. आता उपकाराचे कारणच उरले नाही, याचा मला किती आनंद झाला आहे, हे मला नीट लिहिता येत नाही.

बुधवार, १७ डिसेंबर. नवसू, वरचा मजकूर मी घरी लिहिला. हा शेवटचा भाग इंदुरीत लिहिलेला नाही. गाडीरस्ता संपल्यावरची सगळी चढण मी आज माझ्या पायांनी चढलो आहे. डॉक्टरांना विचारूनच, हळूहळू, जागोजागी बसत. विक्की सोबत होता, तो साक्ष देईल. तुमच्या वाडीखालच्या शेवटच्या वळणावर जांभळाच्या मुळीवर बसून, मांडीवर हा कागद ठेवून मी लिहीत आहे. येथून तुझ्या घराची कौले दिसतात. ओट्यावर घोंगडे पांघरून बसलेला माणूस तूच असावास, आणि सुपाने पाखडणारी बाया. मला धाप लागली होती, ती ओसरली. आता विक्की हा कागद घेऊन वर येईल. त्याच्याबरोबर एक प्लास्टिकची खुर्ची आहे, तिला दोन बांबू बांधले आहेत. उतारावर थकलास तर तिच्यात बसायचे. खुर्ची म्हणजे झोळी नव्हे, मामलेदारही खुर्चीतच बसतो. मी मात्र येथून पुढे आलेलो नाही. तू माझे पाकीट माझ्या दारी परत धाडलेस, त्यानंतर बोलावल्यावाचून तुझ्या उंबऱ्यावर पाऊल ठेवणे माझ्याने होत नाही, आणि येथवर येऊन तुला न भेटता परत फिरणेही होत नाही. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण एवढेच आहे. हर्षदाचे वाचून झाले की तू उठू नकोस. बसल्या जागेवरून मला एक हाळी दे. बायाने दिलेली चालणार नाही, विक्कीच्या हाती निरोपही नको. आवाज पूर्वीसारखा निघाला नाही तरी हरकत नाही. वारा तुझ्या घराकडून माझ्याकडेच आहे. मी कान देऊन बसलो आहे.

तुझाच,
धोंडिबा